नाकावर टिच्चून

७ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. भाऊजींकडे निरोप ठेवला तर तो तुझ्यापर्यंत पोचेतो त्यातला सगळा तिखटपणा उडून गेलेला असतो. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला मध्येच तोडून 'बरं, नंतर बोलू' म्हणता येत नाही.

मॅनेजर काल घरी येऊन गेला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, जणू खुर्चीतूनही माझा खोकला लागेल. म्हणाला, "बाई, पुढच्या प्रयोगापासून तुम्ही जरा विश्रांती घ्या."

"जरा म्हणजे किती?"

तो छताकडे बघायला लागला. "ताईंचं लक्ष विचलित होतं हो. तुमचं ते... हे." आणि त्यानं स्वतःच्या घशाला बोट लावून दाखवलं. आता म्हणे कानात घालायचं यंत्र आणलंय. ध्वनीवाला त्याच्या खोलीत बसून वाक्यं वाचणार, ती थेट तुझ्या कानात पडणार. प्रॉम्प्टर नको, विंगेतली खुर्ची नको, खाकरणं नको. मी त्याला चहा दिला. घाईघाईनं प्याला आणि सुटल्यासारखा गेला.

त्याच्यावर माझा राग नाही. तो सांगकाम्या. राग तुझ्यावर आहे. "ती तरी राहील, नाहीतर मी," असं तू रंगपटात म्हणालीस. दार उघडं होतं, ताई. वीसेक वर्षं तुझ्या नाटकांना विंगेत बसलेय मी. कुजबुज ऐकणं हा माझा धंदा. आणि तू तर चांगली खणखणीत आवाजात बोललीस.

शनिवारी काय झालं ते मला माहीत आहे. दुसरा अंक, खिडकीचा प्रवेश. मुलाची बातमी येते, तू खिडकीपाशी जाऊन उभी राहतेस, सगळं थिएटर गप्प. आणि पडद्याआडून माझं खाकरणं, मग खोकला, मग उबळ. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं तुला किती लागलं असेल ते कळतं मला. त्या प्रवेशाबद्दल मला आणखीही एक सांगायचंय, पण ते आज नाही. आज रागात आहे. रागात सांगितलं तर ते दगड मारल्यासारखं होईल.

"तिला जरा दाबून धरता येत नाही का?" असंही म्हणालीस. ताई, एकदा शिंक दाबून बघ. आणि हे शिंकेसारखं येऊन जाणारंही नाही. नाकाच्या मागून घशात सारखं काहीतरी उतरत असतं. वायसर गेलेल्या नळासारखं. गिळलं तरी असतं, खाकरलं तरी असतं. खाली छातीत आधीच कफ भरलेला, त्यात वरून ही भर. दोन्हीकडून कोंडी झाली की माणूस काय करणार? मी खोकले.

कळवायचं एवढंच, की मी विश्रांती घेत नाहीये. तुझी विंग तुला लखलाभ. जगात विंगा पुष्कळ आहेत.

तुझी धाकटी


३० जानेवारी

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं.

इतक्या वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की मला नक्की झालंय काय. 'तुझी ती सर्दी' म्हणतेस. आईही तेच म्हणायची, हिला बाराही महिने सर्दी. तर न विचारता सांगते.

माझ्या फुप्फुसातल्या नळ्या जागोजागी फुगून ढिल्या पडल्यात. त्यातला कफ आपोआप वर यायला हवा, तो येत नाही. साचतो, सडतो, मग ताप येतो. हे झालं खालचं. वर नाकाच्या आतल्या पोकळ्या कायमच्या सुजलेल्या, त्यांचं पाणी पुढून न येता मागून घशात उतरतं. इतकी वर्षं मी नाक एका डॉक्टरकडे नेत होते आणि छाती दुसऱ्याकडे. नाकवाले म्हणायचे छातीकडून येतंय, छातीवाले म्हणायचे नाकाकडून. मध्ये घसा माझा.

मॅनेजर येऊन गेल्यावर त्याच आठवड्यात मी नवीन डॉक्टर गाठली. बाई आहे, माझ्याहून लहान, भरभर बोलते. तिनं दोन्हीकडचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाली, "अहो, हा एकच रस्ता आहे. वरचा अर्धा तुंबलेला ठेवून खालचा अर्धा कितीही झाडा, काय उपयोग?"

मी विचारलं, "बरं होणार का हे?"

"नाही. पण ताब्यात राहील."

"मग ठेवते ताब्यात," मी म्हटलं. तिला वाटलं मी चिडलेय. चिडलेच होते, पण तिच्यावर नाही.

तेव्हापासून माझी सकाळ म्हणजे एक वेगळाच प्रयोग असतो. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालायचं, बाटलीनं एका नाकपुडीत सोडायचं, दुसरीतून बाहेर. पहिल्या दिवशी ते कानातून येतंय की काय असं वाटलं. बेसिनपाशी वाकून मी असे काही आवाज काढले की वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना. नाक धुऊन झालं की फवारा. तोही मान थोडी वाकवून, नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता. आजवर मी तो डोकं मागे टाकून मारत होते आणि औषध सरळ पोटात जात होतं. मग छाती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं: शांत श्वास, मग मोठे श्वास, आणि मग तोंड उघडून जोरात 'हाऽ', चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसा. कफ सरकत सरकत वर येतो. किळसवाणं वाटतंय ना वाचायला? मला नाही वाटत आता. बाहेर आलेला कफ बघून मला घर झाडून काढल्यासारखं वाटतं.

त्याच बाईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते तुला सांगताना माझ्या अगदी जिवावर आलंय. म्हणाल्या, खाकरायचं नाही. खाकरलं की घसा आतून सोलवटतो, मग तिथं काही नसतानाही काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मग परत खाकरायचं. त्याऐवजी घोटभर पाणी, नाहीतर नुसतं गिळायचं.

"अहो, खाकरणं हा माझा स्वभाव झालाय," मी म्हटलं.

"स्वभाव बदला. घसा बदलून मिळत नाही."

म्हणजे तुझं थोडंसं बरोबर होतं. त्यात सवयीचाही भाग आहे. थोडा. यापुढे या मुद्द्यावर माझ्याकडून काही मिळणार नाही.

आता दुसरी बातमी. मला काम मिळालं. हौशी मंडळी आहेत, शाळेच्या हॉलमध्ये तालमी करतात. दिग्दर्शक बँकेत आहे, नायिका दातांची डॉक्टर. मी दारातच उभं राहून सांगून टाकलं, "मला खोकला आहे. लागण होणारा नाही. औषधं चालू आहेत, पण प्रयोगात कधीतरी ऐकू येईल. चालणार असेल तर बसते, नाहीतर आत्ताच सांगा, मला परतीची बस आहे."

बँकवाला म्हणाला, "बाई, आमचा नायक वाक्य विसरला की शीळ घालतो. तुमचा खोकला त्यापुढे काहीच नाही. बसा."

बसले.

तुझी धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

भाऊजी आले होते. घशाच्या गोळ्यांचा डबा आणि सोबत चिठ्ठी, 'आराम कर.' अक्षर तुझं. दोन शब्द लिहायला तुला दीड महिना लागला. डबा भाऊजींकडेच परत दिलाय. त्या गोळ्या साखरेच्या असतात, त्यांनी माझं काही होत नाही, आणि आराम म्हणशील तर मला वेळ नाही.

भाऊजी नेहमीसारखे भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत बसले. मग हळूच म्हणाले, "गुरुवारी जरा घोटाळा झाला प्रयोगात. यंत्रात काहीतरी बिघाड होता." तू पहिल्या अंकातून एकदम तिसऱ्यात गेलीस. भावाचं काम करणाऱ्यानं कसंबसं ओढून परत आणलं. लोकांना कळलं नाही म्हणे.

मी ध्वनीवाल्याला फोन केला. यंत्र ठणठणीत आहे, ताई. तो म्हणाला, "मी वाक्य तीनदा वाचलं. त्या ऐकत होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. पण बोलल्या नाहीत." बिचारा घाबरलाय, त्याला वाटतंय त्याची नोकरी जाणार. त्याच्यावर ढकलू नकोस.

आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

मी तुला पूर्वी नुसता पहिला शब्द द्यायचे. कधी तोही नाही, नुसतं ओठ हलवले तरी पुरायचं. गेल्या दोन वर्षांत अर्धं वाक्य द्यायला लागले. मग पूर्ण. मग एकामागून एक दोन दोन वाक्यं. तुला वाटत असेल हे फक्त तुलाच जाणवलंय. विंगेतून सगळ्यात आधी कळतं. मी कुणाला बोलले नाही, तुलाही नाही. तू एकदा मेकअप उतरवताना मला विचारलंस, "आज किती दिलीस गं?" मी म्हटलं, "नेहमीसारखीच." तुझा चेहरा बघून दुसरं काही म्हणवलं नाही.

आणि तो खिडकीचा प्रवेश. तिथं इतका वेळ गप्प राहायचं नसतंच, ताई. संहितेत तिथं चार पावलं आहेत आणि लगेच वाक्य: 'दार लावू नका. तो येईल, न येईल, पण दार लावू नका.' त्या शनिवारी तू चार पावलं गेलीस आणि थांबलीस. मी वाक्य दिलं. तू हलली नाहीस. परत दिलं, जरा मोठ्यानं. परत दिलं. तोपर्यंत थिएटर इतकं शांत झालं होतं की लोकांना वाटलं, काय हा अभिनय. मी श्वास भरून घेतला, आता आणखी मोठ्यानं सांगायचं म्हणून, आणि त्या भरलेल्या श्वासाबरोबर घशात साचलेलं सगळं खाली गेलं. म्हणून ती उबळ. कुणीतरी हसलं, तू दचकलीस, आणि दचकल्यावर तुला वाक्य आठवलं.

माझ्या खोकल्यानं तुझी शांतता मोडली, असं तू सगळ्यांना सांगत फिरतेस. मोडली, हे खरं. पण ती शांतता कसली होती ते फक्त आपल्या दोघींना माहीत आहे.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या विसरण्याचं खापर माझ्या छातीवर फोडून घेणार नाही. माझ्या छातीला तिचं तिचं पुरेसं आहे. तू डॉक्टरकडे जा. मी जाते तशी जा. मुकाट्यानं नाही, भांडत जा हवं तर, पण जा.

तुझी धाकटी


१९ मार्च

ताई,

गेल्या आठवड्यात माझी भाची, म्हणजे तुझी लेक, येऊन गेली. तिनं तुला सांगितलं असेलच की मावशी अंथरुणात आहे, म्हणून आधीच लिहिते: आता नाही. होते.

घशातलं रोजचं पाणी पांढरं असतं तोवर काळजी नसते. ते हिरवं झालं, छातीत घरघर सुरू झाली, मग ताप. मी लगेच डॉक्टरकडे गेले, पूर्वीसारखी 'बघू दोन दिवस' करत बसले नाही. कफ तपासला, दोन आठवडे गोळ्या. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरापर्यंत जाताना मध्ये एकदा टेकायला लागायचं. पाठीमागे तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपत होते. अशा वेळी मनात नको ते येतं. आलं. त्यातलं तुला काही लिहिणार नाही, कारण तू ते वाचून दाराशी गोळ्यांचा आणखी एक डबा पाठवशील.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाटकाच्या थिएटरात धूळ फार. पडदे वर्षानुवर्षं धुतलेले नसतात. सोडता येईल का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग धूळ सोडा."

अशी माणसं मला आवडतात. मी बँकवाल्याला सगळं सांगितलं. नेपथ्य लावताना मी आत नसेन, पडदे ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे, धुराचं यंत्र बंद, केसांचा फवारा आणि पावडर माझ्यापासून लांब. धुराचं ऐकून त्याचं तोंड उतरलं. त्याच्या स्वप्नाच्या प्रवेशात धूर होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "निळा दिवा लावतो. तसंही स्वप्नात कुणाला धूर दिसतो?"

रविवारी त्यांचा प्रयोग झाला. मी दुपारी नाक धुऊन, छाती मोकळी करून गेले. हातात पाण्याची बाटली, दर थोड्या वेळानं एक घोट. पहिल्या अंकात घशात वळवळ सुरू झाली, ती गिळली. परत झाली, परत गिळली. दुसऱ्या अंकात नाही जमलं. खोकले. दंतवैद्य नायिका रंगमंचावर एक क्षण थांबली आणि पुढे गेली. कोणी हसलं नाही, आणि नाटकही पडलं नाही. पडलं असतं तर ते शीळ घालणाऱ्या नायकामुळे.

भाची जाताना दारात म्हणाली, "मावशी, आई परवा तुझा नंबर लावून नुसतीच बसली होती. फोन कानाला न लावता."

हॉलचा पत्ता कागदाच्या मागे लिहिलाय. पुढचा प्रयोग पाच एप्रिलला, संध्याकाळी. तिकीट लागत नाही.

तुझी धाकटी


६ एप्रिल

ताई,

काल तू तडकाफडकी निघून गेलीस आणि माझं बोलणं अर्धवट राहिलं. ते पुरं करते.

तू शेवटच्या रांगेत बसलीस, डोक्यावरून ओढणी घेऊन. तुला वाटलं कुणी ओळखणार नाही. शाळेच्या हॉलमधल्या लाकडी खुर्चीवर इतकं ताठ बसणारी बाई दुसरी कोण असणार? मी तुला पहिल्या अंकातच बघितलं. खोकलेही, आणि तुझ्याकडे बघतच खोकले.

प्रयोग संपल्यावर तू विंगेत आलीस. मी बाटलीतलं उरलेलं पाणी पीत होते. कशी आहेस वगैरे काही नाही. म्हणालीस, "त्या दिवशी तू खरंच सांगत होतीस का गं? खिडकीपाशी?"

"सांगत होते."

"ऐकू आलं मला." मग ओढणी डोक्यावरून खाली घेतलीस. "सगळं ऐकू आलं. पण ते वाक्य माझं आहे असं वाटेचना. कुणाचंतरी दुसऱ्याचं बोलणं ऐकतेय असं वाटत होतं. यंत्राचंही तसंच होतं. कानात कुणी बोलतं आणि मी म्हणते, असेल कुणी, बोलत असेल."

ताई, मी तुझ्यावर महिनोन्‌महिने भडकून बसले होते. मी तुझ्या हातात बाटली दिली, तू बाटलीला तोंड लावून प्यायलीस. लहानपणी माझं उष्टं कधी खाल्लं नाहीस.

मग तू म्हणालीस, "परत ये."

मी म्हटलं, येईन, पण पडद्याआड बसणार नाही. रंगमंचावर बसेन, खुर्ची टाकून, उजेडात, मांडीवर संहिता घेऊन. मला खोकला आला तर लोकांना माझं तोंड दिसेल, आणि तुला वाक्य हवं असेल तर तू माझ्याकडे वळून मागायचंस. आणि त्याआधी डॉक्टरकडे.

तुझा चेहरा असा झाला जणू मी तुला बिनकपड्यांची उभी राहा म्हटलं. "लोकांसमोर मागू? भीक मागितल्यासारखं?"

"मी लोकांसमोरच खोकते."

"तुझं वेगळं आहे."

आणि तू गेलीस. काय वेगळं आहे, ते मला विचारायचं होतं. तुझं डोक्यात आहे आणि माझं छातीत, एवढंच? की तू पोस्टरवर असतेस आणि मी नसते? मी काय आनंदानं खोकते का? बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. वाचनालयात लोक वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात, वाचायला नाही. पहिली काही वर्षं मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. खोकला आला की बाथरूममध्ये पळायचे, नळ सोडायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानं काय झालं? कफ आत राहिला, आणि त्या कफानं फुप्फुसाचा आणखी एक तुकडा खाल्ला. लपवण्याची किंमत मी भरलेली आहे, ताई. म्हणून तुला सांगते, लपवू नकोस. माझी अट मी मागे घेत नाही. ती माझ्यापुरती नाहीच.

विचार कर. घाई नाही, पण फार वेळही लावू नकोस.

तुझी धाकटी


२८ मे

ताई,

आता तू रोज फोन करतेस, तरी हे पत्र लिहितेय, कारण तुझ्या डॉक्टर म्हणाल्या की महत्त्वाचं ते लिहून ठेवत जा. तू लिहिणार नाहीस, तुला कंटाळा. म्हणून तू माझी अट मानल्यानंतरचा पहिला, शुक्रवारचा प्रयोग मी लिहून पाठवते. पुढे कधी त्यातलं काही निसटलं तर हे काढून वाच. विसरण्याचा हा आजार सुरुवातीचा आहे, असं त्या म्हणाल्या, आणि तुझ्या आठवणी किती दिवस टिकतील ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या छातीबद्दलही कुणाला सांगता येत नाही. तेवढ्यापुरत्या आपण बरोबरीत आलो.

तर असं झालं. धुराचं यंत्र मॅनेजरनं स्वतःच्या हातांनी कुलपात टाकलं. पडदे धुऊन घेतले होते. माझी खुर्ची डाव्या बाजूला, खिडकीच्या चौकटीच्या अलीकडे. शेजारी लहान टेबल, पाण्याचा तांब्या, पेला. पडदा उघडण्याआधी तू एकटी पुढे गेलीस. हे ठरलं नव्हतं. मॅनेजर विंगेत हात चोळत उभा होता. तू म्हणालीस, "मला आताशा वाक्यं आठवत नाहीत. ही बसलीय ती माझी धाकटी बहीण, ती सांगते. तिला खोकला आहे, तो लागत नाही. ती खोकली की आम्ही थांबू. तुम्हाला घाई असेल तर पैसे परत मिळतील." कुणीही उठलं नाही. मॅनेजर मात्र खाली बसला.

पहिला अंक सुरळीत गेला. खिडकीचा प्रवेशही गेला, तू वाक्य माझ्याकडे न बघता घेतलंस. तिसऱ्या अंकात भावाशी मोठं भांडण आहे, तिथं तू मध्येच थांबलीस. माझ्याकडे वळलीस आणि सरळ विचारलंस, "पुढे काय?"

मी तोंड उघडलं आणि वाक्याऐवजी खोकला आला. साधा नाही. पोटापासून ओढून काढणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. मला वाक्य ठाऊक होतं आणि आवाज नव्हता. तुला आवाज होता आणि वाक्य नव्हतं. समोर थिएटर भरलेलं. माझ्या मनात आलं, संपलं. मॅनेजर म्हणत होता ते खरं.

तू काय केलंस ते लिहून ठेवते. तू भावाच्या खांद्यावरचा हात काढलास, चालत माझ्यापर्यंत आलीस. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलंस. माझ्या पाठीवर हात ठेवलास, चोळला नाहीस, नुसता ठेवलास. भावाचं काम करणारा पुढे यायला लागला तर त्याला म्हणालीस, "थांब रे. हिला श्वास घेऊ दे." आणि मी हळूहळू, 'हाऽ' करत, सगळ्यांच्या देखत, रुमालात कफ काढला. मग पाणी प्यायले. मग वाक्य सांगितलं, मोठ्यानं, पुरतं. तू ते तिथंच उभी राहून, माझ्या पाठीवरचा हात न काढता, भावाला ऐकवलंस. तालमीत ते वाक्य इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं.

मग गंमत झाली. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मग दुसरं. मग एकदम पंधरा-वीस जण. बिचारे केव्हापासून दाबून बसले होते. एक आजोबा तर असे काही खोकले की तू त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "पाणी देऊ का?" थिएटर हसलं. हे हसणं वेगळं होतं. मला दोन्ही हसणी ऐकू आली आहेत, म्हणून सांगते.

प्रयोगानंतर मॅनेजर रंगपटात आला. डोळे पुसत होता, पण व्यवहार विसरला नव्हता. म्हणाला, "ताई, पुढच्या जाहिरातीत 'निरोपाचे प्रयोग' असं टाकू का? लोक रांगा लावतील." मी तुझ्याकडे बघितलं. तू कापसानं तोंड पुसत होतीस, आरशातून त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "निरोप ज्याला घ्यायचाय त्यानं घ्यावा. आम्हाला मंगळवारी तालीम आहे."

तुझे शब्द आहेत हे. विसरलीस तर माझ्याकडे माग.

मंगळवारी मी येते. नाक धुऊन, छाती मोकळी करून निघायचं म्हणजे मला जरा उशीर होईल. माझ्याशिवाय सुरू करू नकोस.

तुझी धाकटी